रोममधली स्वस्त खोली: एका रात्रीच्या मुक्कामामागचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
रोमच्या टर्मिनी रेल्वेस्थानकाच्या आसपास स्वस्त हॉटेलांची दाटी आहे. तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला काही गोष्टींचा अनुभव बहुधा येतोच. हॉटेलला स्वतःची इमारत नसते. जुन्या, उंच छताच्या इमारतीचा एखादा मजला म्हणजे हॉटेल. आल्याबरोबर पासपोर्ट मागितला जातो. मौल्यवान वस्तू तिजोरीत ठेवण्याची सूचना असते. रात्री रस्ता शांत होत नाही. आणि खोलीभाड्याखेरीज दर माणशी, दर रात्री एक कर द्यावा लागतो.

२/
या पाचही गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु प्रत्येकीला इतिहास आहे, आणि त्यातल्या दोहोंचा तर थेट प्राचीन रोमशी संबंध पोहोचतो. या धाग्यात तो इतिहास क्रमाने पाहू. त्यातून एक जुना प्रश्न समोर येईल: शहराच्या मध्यभागी रात्री पाठ टेकण्याची जागा कोणाला मिळते, आणि ती देण्यासाठी कोणाला उठवले जाते?

३/
आरंभ एका बिलापासून करू. दक्षिण-मध्य इटलीतल्या इसेर्निया या गावी एक रोमनकालीन शिलालेख सापडला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर खाणावळवाला आणि निघण्याच्या तयारीत असलेला पाहुणा यांचा हिशेबाचा संवाद कोरलेला आहे. ‘अस्’ हे रोमनांचे हलक्या किमतीचे नाणे. वाइनसोबतचा पाव १ अस्, तोंडीलावणे २ अस्, मुलगी ८ अस्, खेचराचा चारा २ अस्. पाहुणा बाकी सारे निमूटपणे मान्य करतो. कुरकुर करतो ती फक्त खेचराच्या खर्चाबद्दल.

४/
शिलालेख विनोदी आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी टिपाव्यात. एक, या हिशेबात बिछान्याचे वेगळे भाडे नाही. दोन, स्त्रीच्या देहाची किंमत पाव आणि चाऱ्याच्या रांगेत लिहिली आहे, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. ‘काउपोना’ म्हणजे रोमन खाणावळ-सराई. तिच्याकडे प्रतिष्ठित रोमन नागरिक तुच्छतेने का पाहत, याचे एक कारण या चार ओळींत सापडते. ऐपतदार माणूस प्रवासात ओळखीच्यांच्या घरी उतरे; सराई उरे ती ज्याला अशी ओळख नाही त्याच्यासाठी.

५/
अशा परक्या माणसाचे सामान सांभाळायचे कोणी? रोमच्या प्रेटर या न्यायाधिकाऱ्याच्या जाहीरनाम्यात यासाठी खास कलम होते. जहाजवाले, सराईवाले आणि तबेलेवाले यांनी ताब्यात घेतलेले सामान सुखरूप परत केले नाही, तर दावा त्यांच्यावर चाले. त्यांचा स्वतःचा दोष सिद्ध करण्याची गरज नसे. दैवी आपत्ती किंवा अटळ बळजबरी एवढाच अपवाद. तिसऱ्या शतकातला कायदेपंडित उल्पियन याचे कारण सरळ देतो: अशा लोकांवर विश्वास टाकण्यावाचून प्रवाशाला गत्यंतर नसते, आणि कायदा कडक नसेल तर ते चोरांशी संगनमत करतील.

६/
हे कलम सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या संहितेत टिकले आणि तिथून युरोपच्या कायद्यांत उतरले. आजच्या इटालियन नागरी संहितेची १७८३ ते १७८६ ही कलमे त्याच परंपरेतली आहेत. खोलीत ठेवलेल्या वस्तूंबाबत हॉटेलची जबाबदारी साधारणतः एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. वस्तू हॉटेलच्या हवाली केली असेल तर ही मर्यादा उरत नाही. जबाबदारी आधीच झटकणारी पाटी लावली, तरी ती कायद्याने निरर्थक ठरते. तिजोरीच्या सूचनेमागे एवढा इतिहास आहे.

७/
आता गोंगाट. ज्यूलियस सीझरच्या काळातल्या, इ.स.पू. ४५च्या सुमाराच्या, एका नियमानुसार सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत रोमच्या रस्त्यांवर मालगाड्या चालवण्यास मनाई होती. देवळांच्या बांधकामासारख्या कामांना तेवढी सूट होती. अरुंद गल्ल्यांत माणसांना चालता यावे, हा हेतू. परिणाम असा झाला की लाखो लोकांच्या शहराचा सारा माल रात्री येऊ लागला. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा कवी ज्युव्हेनल आपल्या तिसऱ्या उपरोधकाव्यात तक्रार करतो, की रोममध्ये झोप फक्त श्रीमंतांना परवडते.

८/
ही अतिशयोक्ती नव्हती. सामान्य रोमन माणूस ‘इन्सुला’ नावाच्या बहुमजली भाड्याच्या इमारतीत राहत असे. तळाला दुकाने, त्यावर बऱ्यापैकी घरे, आणि जसजसे वर जावे तसतशा खोल्या लहान, अंधाऱ्या व स्वस्त. आग लागली की वरचे लोक अडकत. ऑगस्टसने अशा इमारतींची उंची ७० रोमन फुटांवर, म्हणजे सुमारे २१ मीटरांवर, मर्यादित केली. पुढे ट्रेजनने ती ६० फुटांवर आणली. कवी मार्शल आपण तीन जिने चढून राहतो असे नोंदवतो. गरिबी तेव्हा जिन्यांत मोजली जाई. लिफ्ट आल्यावर हे गणित उलटले आणि सर्वांत वरचा मजला महाग झाला.

९/
प्राचीन रोम ओसरले, लोकसंख्या काही दशसहस्रांवर आली. शहराला पुन्हा गर्दीचे रूप दिले ते यात्रेकरूंनी. १३०० साली पोप बोनिफेस आठवा याने पहिले ज्युबिली वर्ष घोषित केले. फ्लॉरेन्सचा इतिहासकार जोव्हान्नी व्हिल्लानी तेव्हा रोममध्ये होता. त्याच्या नोंदीप्रमाणे रोमकरांखेरीज दोन लाख यात्रेकरू शहरात सतत असत. मध्ययुगीन आकडे सावधपणे घ्यावेत. परंतु यात्रेकरूंना माल विकून रोमकर श्रीमंत झाले, हे त्याचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. दान्तेने आपल्या ‘इन्फर्नो’त पुलावरच्या या दुहेरी रांगांचा दाखला दिला आहे.

१०/
तो पूल म्हणजे टिबर नदीवरचा सांत आंजेलो. सेंट पीटरकडे जाणारा मुख्य मार्ग त्यावरून जाई. १४५०च्या ज्युबिलीत, १९ डिसेंबरला, या पुलावर चेंगराचेंगरी होऊन जवळपास दोनशे माणसे मेली. पुलाकडे नेणाऱ्या एका रस्त्याचे नाव आजही व्हिया देइ कोरोनारी आहे. ‘कोरोना’ म्हणजे जपमाळ, आणि हा जपमाळा विकणाऱ्यांचा रस्ता. पुढे ज्युबिली दर २५ वर्षांनी येऊ लागली, आणि यात्रेकरूंना झोपायला जागा देणे हा शहराचा कायमचा धंदा झाला.

११/
या धंद्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव एका स्त्रीचे आहे. व्हानोझ्झा कात्तानेई ही रोद्रिगो बोर्जियाची, म्हणजे पुढच्या पोप अलेक्झांडर सहाव्याची, दीर्घकाळची सहचरी; चेझारे आणि लुक्रेझिया यांची आई. तिच्या मालकीच्या अनेक सराया होत्या. त्यांतली कांपो दे फ्योरी या बाजारचौकाजवळची ‘व्हाक्का’, म्हणजे ‘गाय’, या नावाची सराई विख्यात होती. त्या इमारतीच्या भिंतीवर बोर्जियांच्या बैलासह तिचे कुलचिन्ह आजही पाहता येते. कुणालाही रस्त्यावरून दिसते. तिकीट लागत नाही.

१२/
ज्यांच्याकडे सराईचेही पैसे नव्हते, त्यांचे काय? पुढे धर्मगुरू झालेल्या फिलिप्पो नेरीने १५४८मध्ये एक बंधुसंघ उभा केला, आणि १५५०च्या ज्युबिलीत त्याने गरीब यात्रेकरूंना मोफत बिछाना व जेवण दिले. सभासद, त्यांत प्रतिष्ठित घराण्यांतलेही, यात्रेकरूंचे पाय धूत. १५७५च्या ज्युबिलीत या संघाने लाखाहून अधिक लोकांची सोय केली. ‘सांतिस्सिमा त्रिनिता देइ पेल्लेग्रीनी’ हे त्याचे चर्च कांपो दे फ्योरीपासून चालत काही मिनिटांवर आहे. व्हानोझ्झाची सराई आणि नेरीचा आश्रम एकाच वस्तीत उभे होते.

१३/
गर्दीची झळ मात्र स्थानिक भाडेकरूंना बसे. यात्रेकरूंकडून जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर घरमालक भाडी वाढवीत किंवा जुन्या बिऱ्हाडाला बाहेर काढीत. म्हणून १५७५च्या ज्युबिलीपूर्वी पोप ग्रेगरी तेराव्याच्या शासनाने भाडेवाढीस मनाई करणारा आदेश काढला. पर्यटनामुळे शहरवासीयांना घर परवडेनासे होते, ही तक्रार आजची वाटते. शासनाने तिची दखल घेऊन साडेचार शतके होऊन गेली.

१४/
त्याच काळात फ्रेंच निबंधकार माँतेन रोमला आला. ३० नोव्हेंबर १५८०ला तो ‘ओर्सो’, म्हणजे ‘अस्वल’, या सराईत उतरला आणि दोनच दिवसांत महिन्याच्या बोलीने घेतलेल्या खोल्यांत राहायला गेला. वेशीवरच्या जकातवाल्यांनी त्याची पुस्तके तपासणीसाठी ठेवून घेतली. त्यांत त्याचे स्वतःचे ‘निबंध’ही होते. आलेला परका कोण आणि त्याच्या पेटीत काय, याची चौकशी करण्याचा राजसत्तेचा उत्साह जुनाच. ओर्सोची इमारत अजून उभी आहे.

१५/
आता आपल्या हॉटेलच्या इमारतीकडे येऊ. २० सप्टेंबर १८७०ला इटलीच्या सैन्याने पिया दरवाजापाशी तट फोडला आणि पोपची राजसत्ता संपली. १८७१मध्ये राजधानी फ्लॉरेन्सहून रोमला आली. तोवर टर्मिनीचा परिसर बागा व मळ्यांचा होता. ‘टर्मिनी’ हे नावही डायोक्लेशनच्या स्नानगृहांवरून, ‘तेर्मे’वरून, आलेले. नव्या राजधानीला मंत्रालये हवी होती आणि कारकुनांना घरे. पोप सिक्स्टस पाचव्याच्या प्रचंड उद्यानाचा बळी देऊन स्थानक आणि सरळ रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली.

१६/
बांधकामाचा हा ज्वर १८८७च्या सुमारास कोसळला. बिल्डर बुडाले, बँका अडचणीत आल्या. १८९३चा बांका रोमानाचा घोटाळा त्याच मालिकेतला. श्रीमंत पाहुण्यांसाठी १८९४मध्ये सेझार रिट्झने स्थानकाजवळ ग्रँड हॉटेल उघडले. मध्यमवर्गासाठी बांधलेल्या इमारतींतल्या मोठ्या सदनिकांचे मात्र हळूहळू तुकडे झाले आणि त्यांत ‘पेन्सिओने’, म्हणजे घरगुती वसतिगृहे, सुरू झाली. एकेका मजल्यावर एकेक हॉटेल, ही आजची रचना तिथून आली. दिवाणखान्याच्या नक्षीदार छताला मधोमध कापणारी पातळ भिंत दिसली, तर ती या इतिहासाची खूण समजावी.

१७/
पासपोर्टचा उगम अधिक अलीकडचा आणि अधिक अस्वस्थ करणारा आहे. मुसोलिनीच्या राजवटीत, जून १९३१मध्ये, सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्यांची एकत्रित संहिता मंजूर झाली. तिच्या १०९व्या कलमाने हॉटेलचालकांवर दोन बंधने घातली: ओळखपत्राशिवाय कोणालाही खोली देऊ नये, आणि प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवावी. राजवट गेली, प्रजासत्ताक आले, कलमात दुरुस्त्या झाल्या. परंतु कलम राहिले. आता ही माहिती संगणकावरून जाते, एवढाच फरक.

१८/
याच राजवटीने ‘हॉटेल’ या शब्दाचा एक विलक्षण वापर केला. प्राचीन अवशेष मोकळे करण्यासाठी आणि रुंद रस्त्यांसाठी शहराच्या मध्यभागातल्या वस्त्या पाडण्यात आल्या. कोलोसियमपर्यंत जाणारा, आज ‘व्हिया देइ फोरी इंपेरियाली’ म्हणून ओळखला जाणारा रस्ता २८ ऑक्टोबर १९३२ला खुला झाला, तो एक संपूर्ण मोहल्ला जमीनदोस्त करून. कॅपिटोलिन टेकडीभोवतीची घरेही गेली. तिथेच, पाडकामात, दुसऱ्या शतकातली एक इन्सुला उघडी पडली. प्राचीन भाडेकरूंची घरे पुन्हा दिसू लागली ती त्यांच्यावर वसलेल्या नंतरच्या वस्तीची घरे गेल्यावर.

१९/
मध्यभागातून उठवलेल्या लोकांसाठी तटाबाहेर, गार्बातेल्ला या उपनगरात, १९२७ ते १९२९च्या दरम्यान इन्नोचेंझो साब्बातीनी या वास्तुविशारदाच्या आराखड्याने मोठ्या इमारती बांधण्यात आल्या. त्यांना ‘आल्बेर्गी’, म्हणजे हॉटेले, म्हणत. कुटुंबाला राहायला खोल्या, बऱ्याच सोयी सामाईक, मुक्काम तात्पुरता असे गृहीत. ज्यांचे घर शहराच्या मध्यभागी होते त्यांना शहराबाहेरच्या ‘हॉटेलात’ पाठवले गेले, आणि रिकाम्या केलेल्या त्या मध्यभागातून आज आपण पाहुणे म्हणून फिरतो.

२०/
पाचवी गोष्ट कराची. रोम महापालिका १ जानेवारी २०११पासून मुक्कामाचा कर घेते. हॉटेलच्या तारांकनानुसार तो बदलतो. पाहुणा शहराची पाणी, सफाई, वाहतूक या सोयी वापरतो, तर त्याने वाटा उचलावा, हे त्यामागचे तत्त्व. परंतु कराने घरे परत येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ऐतिहासिक मध्यभागातल्या रहिवाशांची संख्या घसरत आली आहे, आणि अल्पमुदतीच्या भाड्याच्या खोल्यांनी ती घसरण अधिक बोचरी केली आहे. ग्रेगरी तेराव्याच्या काळचा पेच पुन्हा समोर उभा आहे.

२१/
म्हणून स्वस्त खोलीत राहूच नये, असा निष्कर्ष मी काढणार नाही. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना रोम पाहायचे तर दुसरा मार्ग नाही, आणि ओळख नसलेल्या माणसाला निवारा देणे हे या शहराचे फार जुने कामही आहे. एवढेच वाटते, की अवशेष पाहणाऱ्याने ज्या खोलीत आपण झोपलो तिचाही इतिहास वाचावा.

२२/
कधी रोमला गेलात तर अर्धा दिवस यासाठी ठेवा. आराचेली चर्चच्या उंच पायऱ्यांपाशी, डाव्या हाताला, रस्त्यावरूनच ती इन्सुला दिसते. तिचे मजले मोजा. मग टर्मिनीहून मेट्रोची ‘बी’ मार्गिका धरा. कोलोसियम मध्ये लागेल. पाचवे स्थानक गार्बातेल्ला. तिथे उतरून साब्बातीनीच्या त्या ‘हॉटेलांपर्यंत’ चालत जा.

धागा समाप्त.