प्रसिद्धीचा हक्क (भारत)

प्रसिद्धीचा हक्क किंवा व्यक्तिमत्त्व हक्क म्हणजे आपले नाव, छायाचित्र, आवाज व इतर ओळखचिन्हे यांच्या व्यापारी वापरावर नियंत्रण ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क होय. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. हा हक्क मुख्यतः न्यायालयीन निवाड्यांतून विकसित झाला आहे. टी-शर्ट, कप, भित्तिपत्रके अशा विक्रीच्या वस्तूंवर प्रसिद्ध व्यक्तीची प्रतिमा संमतीविना छापल्यास या हक्काचा भंग होऊ शकतो.

प्रताधिकाराशी संबंध

छायाचित्राचा प्रताधिकार सामान्यतः छायाचित्रकाराकडे असतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार तो सामान्यतः छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रसिद्धीचा हक्क मात्र छायाचित्रातील व्यक्तीचा असतो. त्यामुळे छायाचित्रकाराकडून परवाना घेतला, तरी त्या व्यक्तीची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. छायाचित्राऐवजी रेखाचित्र वापरल्यानेही जोखीम टळत नाही. कारण व्यक्ती ओळखू येते की नाही, हा महत्त्वाचा निकष आहे.

प्रमुख निवाडे

* १९९४ : आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातीसाठी नाव वा प्रतिमा संमतीविना वापरणे हा खासगीपणाचा भंग असल्याचे नमूद केले.
* २०१० : गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या व त्यांच्या गाण्यांच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांच्या विक्रीस दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली.
* २०२२ : अमिताभ बच्चन यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या अनधिकृत वापरास त्याच न्यायालयाने अंतरिम मनाई केली. हा आदेश अज्ञात व्यक्तींनाही लागू होता.
* २०२३ : अनिल कपूर यांची प्रतिमा आणि ‘झकास’ हा त्यांचा उद्गार यांच्या व्यापारी गैरवापरास मनाई करण्यात आली.
* २०२४ : गायक अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले.

मर्यादा

हा हक्क निरपवाद नाही. वृत्त, उपहास, विडंबन व कला यांसाठी केलेला वापर सामान्यतः त्याचा भंग ठरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. सुशांत सिंह राजपूत यांच्यासंबंधीच्या प्रकरणात त्याच वर्षी त्या न्यायालयाने हा हक्क मृत्यूबरोबर संपुष्टात येतो, असे मत नोंदवले. तथापि, मृत्यूनंतरही छायाचित्राचा प्रताधिकार शिल्लक असू शकतो.

परिणाम

हक्कभंग झाल्यास न्यायालय विक्रीस मनाई करू शकते, नुकसानभरपाई देववू शकते आणि संकेतस्थळांना संबंधित वस्तू विक्रीतून हटवण्याचा आदेश देऊ शकते.