मोटारीचे इंजिन नव्याने बांधताना

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तीन गावं ओळीनं लागतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. छावणी गेली, पण 'कॅम्प नंबर चार' हा पत्ता काही गेला नाही. शेजारी अंबरनाथला १९५३ साली सरकारचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा राहिला. तेव्हा लेथ, मिलिंग, मायक्रोमीटर हे शब्द या पट्ट्यातल्या पोरांना परके नाहीत. म्हणूनच एका इंजिनाची हकिकत इथल्या मंडळींना सांगावीशी वाटते.

हे इंजिन तुम्ही सर्वांनी पाहिलेलं आहे, निदान ऐकलेलं तरी नक्कीच. याच मध्य रेल्वेवर कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, आणि तीच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमानं ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिनं टॅक्सी म्हणून मुंबईचा निरोप घेतला.

या गाडीच्या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. शिक्षकबंधूंनी वर्गात हे गणित जरूर मांडावं : ६.८ गुणिले ६.८ गुणिले ०.७८५४, त्याला ७.५ नं आणि मग चारानं गुणा. उत्तर १०८९ घनसेंटिमीटर. आता गंमत अशी, की हे ६८ आणि ७५ चं माप पद्मिनीचं नव्हेच. ते १९३७ सालचं! इटलीत फियाट कंपनीच्या दान्ते जाकोझा या अभियंत्यानं ५०८ सी नावाच्या गाडीसाठी ते ठरवलं. त्या वेळी इंजिनाची ताकद होती ३२ अश्वशक्ती, मिनिटाला ४००० फेऱ्यांवर.

मग महायुद्ध झालं. नव्या इंजिनांसाठी कुणापाशी पैसा नव्हता. अशा दिवसांत, १९४६ साली, चिझितालिया नावाच्या छोट्या कंपनीनं शर्यतीची गाडी काढली. तिचा आराखडाही जाकोझाचाच, आणि तिच्यात इंजिन घातलं ते हेच १०८९ घनसेंटिमीटरचं. मात्र आता ते साठ अश्वशक्तीच्या घरात गेलं होतं. त्याच वर्षी तुरीनच्या शर्यतीत कंपनीचे मालक पिएरो दुझिओ स्वतः पहिले आले. नुवोलारी हा नामांकित शर्यतपटूही तीच गाडी हाकत होता. त्याचं सुकाणूचं चाकच निखळून हातात आलं! इंजिनानं मात्र दगा दिला नव्हता.

तुम्ही विचाराल, ३२ चे ६० कसे झाले? जादू अर्थातच नाही. फेऱ्या ४००० वरून ५५०० वर नेल्या, आणि प्रत्येक फेरीत इंजिन पहिल्याइतकाच जोर देत राहिलं, तर ३२ चे ४४ होतात. एवढ्यानं साठ होत नाहीत. उरलेले सोळा मिळवायचे, तर प्रत्येक घोटात जास्त हवा घ्यायची आणि ती जास्त दाबून जाळायची. म्हणजे हवेच्या वाटा रुंद व गुळगुळीत करणं, व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घालणं आणि दाबाचं प्रमाण वाढवणं.

दाबाचंच पाहू. एका सिलिंडरचा आवाका २७२ घनसेंटिमीटर. दाबाचं प्रमाण आठास एक असेल, तर वर उरणारी पोकळी साधारण ३९ घनसेंटिमीटर असते. नवास एक करायचं, तर ती ३४ हवी. फरक अवघा पाच घनसेंटिमीटरचा. हेडमधल्या पोकळीचं तोंड सिलिंडरएवढं धरलं, तर हेड जेमतेम दीड मिलिमीटर तासून काम भागतं. लेथवाल्याला हे तासाभराचं काम वाटेल. पण हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्या लांब पडतात, आणि हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागतं. एका जागी हात घातला की चार जागी हिशेब चुकतो.

फेऱ्यांचा हिशेब त्याहून कडक आहे. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १६६ वेळा थांबून उलटा फिरतो. त्यानं कनेक्टिंग रॉडला बसणारा हिसका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ४००० च्या ६००० केल्या, तर दीडपट नव्हे, सव्वादोनपट. विहिरीवरचं संथ डिझेल इंजिन वर्षानुवर्षं टुकटुक चालतं, याचं एक कारण यातच आहे. म्हणून चिझितालियाच्या मंडळींनी तेलाची सोयच निराळी केली. तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवलं आणि पंपानं फिरवलं, म्हणजे वळणावर तेल एका अंगाला गेलं तरी बेअरिंग कोरडी पडायची नाहीत.

आपल्याकडचा तरुण बहुधा उलट्या टोकानं निघतो. आधी दोन तोंडांचा कार्बोरेटर आणतो, मग मोठा आवाज करणारा सायलेन्सर, आणि सर्वांत शेवटी बोअर मोजतो. मोजमाप आधी हवं. सिलिंडर वर किती झिजला, खाली किती. क्रँकचे जर्नल गोल आहेत की लंबगोल. ब्लॉकला चीर आहे का, हे कागदावर उतरल्याशिवाय एक पैचाही माल घेऊ नये. बोअर ६८ चा ६९ केला, तर इंजिन १०८९ चं ११२२ घनसेंटिमीटर होतं. म्हणजे लाभ शेकडा तीनच. तो खर्च झीज काढण्यासाठी करावा, ताकदीच्या आशेनं करू नये. ताकद हवेच्या वाटेत आहे. चारही पिस्टन आणि चारही रॉड तराजूवर सारख्या वजनाचे करून घेणं हे काम स्वस्त, आणि बहुतेक जण तेच टाळतात.

त्याहूनही आधी गाडी कशासाठी हवी ते ठरवावं. टॅक्सीवाल्याला दोन दुरुस्त्यांमधले दिवस वाढायला हवे असत, कारण गाडी उभी म्हणजे चूल बंद. शर्यतवाल्याला एक दुपार पुरते. शर्यतीचा कॅमशाफ्ट वरच्या फेऱ्यांवर जोर देतो आणि खालचा जोर काढून घेतो. तेव्हा बदलापूरहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चार माणसं नि बोचकी घेऊन चढायचा असेल, तर असं इंजिन पहिल्या गिअरमध्येच रडवील. माझं विचाराल तर रस्त्यावरच्या जुन्या गाडीला उत्तम बसवलेले व्हॉल्व्ह, थोडासा वाढीव दाब आणि अचूक इग्निशन एवढं पुष्कळ झालं.

वाढलेला वेग थांबवायलाही लागतो, हे ध्यानी असू द्या. जुन्या गाडीचे ब्रेक चाळीस अश्वशक्तीच्या बेताचे असतात; त्यांचं काम इंजिनाच्या यादीतच धरावं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीपत्रकातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा इंजिन खोलण्याआधी आरटीओत विचारपूस व्हावी.

आता सगळं जुळलं, इंजिन सुरू झालं, तरी लगेच दामटू नका. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी हळूहळूच जमतात. हेड ॲल्युमिनियमचं असेल, तर तापल्यावर ते बिडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. काही मैल गाडी चालवून, इंजिन पुरतं थंड होऊ देऊन, हेडचे नट मधून कडेला या क्रमानं टॉर्क पान्यानं पुन्हा तपासावेत. पहिलं तेल लवकर काढावं आणि ते पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहावं. फडक्यावर चकाकणारा कीस उरला, तर तो बेअरिंगचा आहे का ते मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे गाडी काढू नये.