तबकडीचे वजन उतरते तेव्हा

परदेशातल्या मराठी घरात एक कप्पा हमखास सापडतो. त्यात मुलीच्या मुंजीच्या वयातल्या भावाची मुंज असते, पुण्याच्या मावशीची साठी असते, मंडळाच्या गणेशोत्सवात बसवलेले नाटक असते आणि त्यावर मार्करने घाईघाईत लिहिलेले साल असते. हे सारे डीव्हीडीवर. आणि घरातल्या नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची फटच नाही! मग कोणीतरी विचारतोच, "अहो, ही डीव्हीडी छोट्या फाइलमध्ये बसवता येते म्हणे, कशी हो?"

कृती सोपी आहे. पण तिच्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात एका भारतीय माणसापासून होते.

१९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत येऊन कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका संशोधनासाठी अनुदान मागितले. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडले. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. चित्राचे छोटे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातला ढोबळ भाग आणि बारीक तपशील गणिताने वेगळे करायचे आणि डोळ्याला जो तपशील जाणवत नाही तो टाकून द्यायचा, असा त्याचा उपयोग पुढे झाला. फोटोची जेपेग फाइल, व्हीसीडी आणि डीव्हीडी या तिन्हींचा पाया हाच. तीन भारतीय नावांच्या या निबंधाची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम काढली.

१९८८ साली एमपेग ही तज्ज्ञांची समिती स्थापन झाली. तिच्या पहिल्या मानकावर १९९३ साली व्हीसीडी आली. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे चित्रपट मावे, त्यामुळे मराठी चित्रपट दोन-तीन तबकड्यांत यायचा. मध्यंतर कुठे व्हायचे हे दिग्दर्शक नव्हे, तबकडी ठरवायची!

नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली. आकार सीडीएवढाच, १२ सेंटिमीटर, पण एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत ८.५ जीबी. चित्र एमपेग-२ पद्धतीने साठवलेले. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ते ७२० बाय ४८० ठिपक्यांचे, तर भारताच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. शिवाय जगाचे विभाग पाडलेले. अमेरिका पहिल्यात, ब्रिटन आणि आखाती देश दुसऱ्यात, भारत पाचव्यात. दादरला हौसेने घेतलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरमध्ये घालावी आणि पडद्यावर नुसती सूचना यावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

चित्रपट कंपन्यांनी तबकडीवर आणखी एक कुलूप घातले होते. त्याचे नाव सीएसएस. त्याची किल्ली अवघी ४० बिटांची होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा 'डीसीएसएस' हा छोटा प्रोग्राम जगभर पसरला. तो पुढे आणणाऱ्यांत जॉन लेक योहान्सेन हा नॉर्वेचा १५ वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहणे हा गुन्हा नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्याने असे कुलूप तोडण्यालाच बंदी घातली. ऑगस्ट २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने '२६००' या मासिकाला हा प्रोग्राम प्रसिद्ध करण्यास मनाई केली. घरगुती प्रतीसाठी सूट मागणारे अर्ज पुढेही अनेकदा फेटाळले गेले.

आता प्रश्न आला आकाराचा. त्या काळी कोरी सीडी स्वस्त होती, पण तिच्यावर ७०० एमबीच मावत. अडीच तासांचे नाटक घ्या. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर त्याच्या प्रत्येक सेकंदाला सुमारे ४२ लाख बिट मिळतात. सीडीवर बसवायचे तर जेमतेम साडेसहा लाख, आणि त्यातच आवाजही आला. म्हणजे सहा माणसांचे सामान एका माणसाच्या बॅगेत भरायचे! भारतवारीच्या आदल्या रात्री आपण सारे हेच करतो, पण इथे ते फ्रान्सच्या जेरोम रोता याने जमवले. त्याने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये फेरफार करून 'डिव्हएक्स' काढले. नाव ठेवले ते १९९९ साली बंद पडलेल्या एका भाड्याच्या डीव्हीडी योजनेची थट्टा करत. २००१ साली त्याचा खुला भाऊबंद आला, 'एक्सव्हिड'. इंग्रजीत डिव्हएक्स उलटे लिहिले की झाले.

या पद्धती जागा वाचवतात कशी? संपूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतात, बाकी वेळा फक्त काय बदलले तेवढे. त्यामुळे दिवाणखान्याच्या एकाच सेटवर चालणारे आपले नाटक छान आकसते. सोफा, खिडकी, भिंतीवरचे घड्याळ जागचे हलत नाही. उलट लावणी आकसायला अवघड. नऊवारीची जर, घुंगरू, गिरक्या, सगळे क्षणोक्षणी बदलते आणि बिट कमी पडले की चित्राचे चौकोन दिसू लागतात.

२००३ साली एच.२६४ हे मानक आले आणि निम्म्या बिटांत तितकेच चांगले चित्र मिळू लागले. त्याच वर्षी एरिक पेती याने बीओएस या फारशा कोणी न वापरलेल्या प्रणालीसाठी 'हँडब्रेक' लिहिले. आज ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट मिळते. हँडब्रेकला तबकडी द्या किंवा तिची आयएसओ इमेज द्या, एक एमपी४ फाइल तयार होते. इमेज म्हणजे फोटो नव्हे. तबकडीवरच्या २०४८ बाइटांच्या प्रत्येक कप्प्याची जशीच्या तशी नक्कल म्हणजे इमेज.

इथे थोडे थांबू या. छोटी फाइल बनवताना काहीतरी सोडावेच लागते. सर्वांत आधी जातो मेनू. आपल्या मंडळांच्या डीव्हीडीत एखाद्या हौशी कार्यकर्त्याने रात्री जागून तो मेनू बनवलेला असतो. प्रवेशांची नावे, नटांची नावे, पेटीवर कोण, पडदा कोणी ओढला, सारे त्यात असते. यातली काही माणसे आज आपल्यात नाहीत. एमपी४ मध्ये नाटक राहते, ही यादी जाते. शिवाय एकदा टाकलेला तपशील परत येत नाही, आणि छोट्या फाइलवरून आणखी छोटी केली की चित्र अधिकच विरते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इमेज काढायची आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायची. मग तिच्यावरून बघण्यापुरती छोटी फाइल. घरी किंवा मंडळात रेकॉर्ड केलेल्या तबकड्यांना सीएसएसचे कुलूप नसते, त्यामुळे ती अडचण नाही. नाटकाचे हक्क मात्र लेखकाचेच असतात, तेव्हा फाइल सर्वांना वाटण्यापूर्वी त्यांना विचारावे.

आणि वेळ थोडा आहे. दुकानातली डीव्हीडी साच्यात दाबून बनते, पण आपण घरी लिहिलेली डीव्हीडी रसायनाच्या रंगावर लिहिली जाते. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग बिघडतो. तळघरातल्या हीटरजवळच्या खोक्यात या तबकड्या वर्षानुवर्षे पडून आहेत. १९९८ पासून टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा बंद केली. ड्राइव्हही आता वेगळा विकत घ्यावा लागतो.

चित्रपट कुठून तरी पुन्हा मिळेल. पण पंधरा वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या सभागृहात झालेल्या नाटकाची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. तेव्हा मंडळी, या दिवाळीच्या साफसफाईत तो कप्पा उघडा. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी दोन शेजाऱ्यांच्या तबकड्या मागून घ्या. आणि इमेज काढून झाली की मेनूवरची नावे एका कागदावर उतरवून फाइलबरोबर ठेवायला विसरू नका.