गारव्याचा हिशेब : हैदराबादेतील मराठी घरांची शंभर वर्षे

हैदराबादेतील मराठी माणसांचा इतिहास आपण सभा-संमेलनांतून पुष्कळदा ऐकला आहे. शालीबंड्याची भारत गुणवर्धक संस्था १८९५ची, विवेकवर्धिनी १९०७ची, मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२चे, ही सनावळी आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. ज्या घरांत राहून त्या पिढ्यांनी या संस्था चालवल्या, त्या घरांविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. ती घरे कोणत्या मालाची होती, उन्हाळ्यात थंड कशी राहत आणि त्या गारव्याचा खर्च कोण सोशीत असे, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो आज काढण्याचे कारणही आहे. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, हिमायतनगर या भागांतील आपली उरलीसुरली जुनी घरे एकेक करून बिल्डरकडे जात आहेत आणि करारावर सही करताना घरातल्या उष्म्याची चर्चा सहसा कोणी करीत नाही.

आधी हवामान पाहू. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात येथे दुपारी पारा ३९-४० अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे २६-२७ पर्यंत उतरतो. मुंबईत त्याच महिन्यात दिवसरात्रीचा फरक जेमतेम सहा-सात अंशांचा असतो. म्हणून कोकणातले घर उतरत्या छपराचे आणि वाऱ्याला मोकळे, तर दख्खनच्या पठारावरचे घर जाड भिंतीचे आणि सपाट धाब्याचे. बीड, परभणी, नांदेड, औरंगाबादेकडून आलेल्या घराण्यांना माळवद ठाऊक होतेच. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हा थर दुपारचे ऊन वरच्या वर झेलून धरी.

निजामाच्या राजधानीत मराठी माणूस आला तो मुख्यतः दफ्तराच्या कामाने. राय रायान घराण्याकडे दफ्तर-ए-दिवाणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते. शालीबंडा, हुसैनी आलम, गौळीगुडा या भागांत मराठी कुटुंबे वसली आणि गावाकडच्या वाड्याला येथे देवडीचे वळण मिळाले. दगड आणि भाजक्या विटांच्या दीड-दोन फुटी भिंती, घाणीत मळलेला चुना, गच्चीवर विटांचे तुकडे आणि चुना कुटून केलेला जाड थर, मध्ये चौक, भोवती पडवी किंवा दालान, खाली शहाबादी फरशी. जाड भिंत तापायला वेळ घेते. दुपारी बाहेरच्या अंगाला लागलेली उष्णता आतल्या अंगापर्यंत पोहोचेतो रात्र होते, तोवर बाहेरची हवा उतरलेली असते आणि दारे-खिडक्या उघडल्या की भिंत पुन्हा निवते. चौकाचेही तेच. रात्री तो मोकळ्या आभाळाखाली थंड होई आणि सकाळी दहा-अकरापर्यंत तो गारवा खोल्यांना पुरे. म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊला खिडक्या लावून घेण्याची आणि दिवेलागणीला उघडण्याची शिस्त घरोघरी होती. घराचा नकाशा आणि घराची दिनचर्या एकमेकांना धरून होत्या.

एवढे सांगून वाडा म्हणजे स्वर्ग होता असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. तो गारवा फुकट नव्हता. संध्याकाळी चौकात आणि गच्चीवर पाणी शिंपडायचे, तर ते विहिरीतून शेंदून आणणारे हात बहुधा घरातल्या बायकांचेच असत. मोठ्या देवड्यांत वाळ्याचे पडदे भिजवायला आणि छताचा झालरीचा पंखा ओढायला माणसे ठेवलेली असत. ओसरी गार असली तरी स्वयंपाकघर चुलीच्या धुराने कोंदलेले आणि माजघर अंधारे असे. पावसाळ्यात भिंतींना ओल धरे, माळवद गळे आणि दरवर्षी नवी माती टाकावी लागे. गटारांची सोय नव्हतीच म्हटले तरी चालेल. म्हणजे गारव्याची किंमत तेव्हाही चुकवली जात होती. ती श्रमांत चुकवली जाई, म्हणून हिशेबाच्या वहीत कुठे दिसत नसे.

जुन्या वस्तीचे हे चित्र बदलले ते पाण्याने. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली आणि नदीकाठचे मोहल्ले वाहून गेले. पुढच्याच वर्षी एम. विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२०मध्ये आणि हिमायतसागर १९२७मध्ये पुरा झाला. पूर आणि पाठोपाठच्या प्लेगच्या साथी यांमुळे शहराची दाटी हा सरकारी चिंतेचा विषय बनला. १९१२मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले, जुने लोक ज्याला ‘आराइश-ए-बल्दा’ म्हणत. बोर्डाने दाट वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले, पत्थरगट्टीची दुकाने बांधली आणि मल्लेपल्ली, मलकपेट अशा भागांत घरांच्या रांगा उभारल्या. घराला उजेड किती, वारा कुठून, सांडपाणी कुठे, हे प्रश्न नकाशावर मांडण्याची सवय आपल्या शहराला या बोर्डाने लावली.

मराठी वस्तीही याच काळात नदीच्या उत्तरेला सरकली. सुलतान बाजाराचा रेसिडेन्सीचा इलाखा १९३३मध्ये निजामाकडे परत जाईपर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि सभा-संस्थांना तेथे थोडी मोकळीक होती. काचीगुड्याचे स्टेशन १९१६चे. त्याच्या आसपास, पुढे बरकतपुरा, नारायणगुडा आणि हिमायतनगरात, वकील, शिक्षक, डॉक्टर, सरकारी कारकून यांनी घरे बांधली. या घरांतून चौक गेला आणि अंगण घराभोवती आले. पुढे खोल व्हरांडा, अकरा-बारा फूट उंचीच्या खोल्या, दरवाजावर झरोका, पश्चिमेला कडुनिंब किंवा आंबा. भिंती दीड फुटी राहिल्या. बांधणारा आणि राहणारा एकच असल्यामुळे भिंतीवर केलेल्या खर्चाचा लाभ त्याच्याच घरात राहत होता. आम्हांला ही गोष्ट पुढच्या सर्व हिशेबाचे मूळ वाटते.

याच वर्षांत दोन नव्या वस्तू घरात शिरल्या, वीज आणि सिमेंट. हुसेनसागराच्या काठचे औष्णिक वीजकेंद्र १९२०मध्ये सुरू झाले. येल्लंदूच्या खाणीतून १८८९पासून निघणारा सिंगरेणीचा कोळसा संस्थानात होताच. (ते वीजकेंद्र १९९५मध्ये पाडले गेले. आज तेथून नेकलेस रोड जातो.) विजेचा पंखा आला आणि पंखा ओढणारा गेला, हे चांगलेच झाले. गुलबर्गा जिल्ह्यातील शहाबादला, जिथून आपली फरशी येई, तेथेच सिमेंटचा कारखाना निघाला आणि १९३६मध्ये तो ए.सी.सी.त सामील झाला. सिमेंट-लोखंडाच्या चार-पाच इंची स्लॅबने माळवदाची दरसालची डागडुजी आणि तुळयांची वाळवी संपवली. पण हा स्लॅब उन्हाला फारसा अडवत नाही. चुन्याचा जाड थर गेला आणि छप्पर हेच घरातले सर्वांत तापणारे अंग झाले.

छपराचे महत्त्व येथे जरा समजून घेतले पाहिजे. हैदराबाद सुमारे १७.४ उत्तर अक्षांशावर आहे. ९ मेच्या सुमारास दुपारी सूर्य येथे बरोबर माथ्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच पडते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन गच्ची घेते, त्याखालोखाल पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते, त्याला छज्जा पुरत नाही, झाड किंवा बंद झडप लागते. जुन्या गवंड्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांनी बांधलेल्या घरांच्या पश्चिमेला खिडक्या कमी आणि जिना, न्हाणीघर, कोठी जास्त आढळतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. अनेक मराठी सरकारी नोकर तिकडे गेले. जे राहिले त्यांच्यासाठी हैदराबादचे घर हे कायमचे घर झाले. १९६०मध्ये जुन्या इम्प्रूव्हमेंट बोर्डाच्या जागी आंध्र प्रदेश हाउसिंग बोर्ड आले, वसाहती वाढल्या, सहकारी संस्थांनी प्लॉट पाडले. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानंतर मोकळी जमीन राखून ठेवणे अवघड झाले आणि त्यानंतरच्या दशकांत अपार्टमेंट रूढ झाले. जमीन गजावर विकली जाते, फ्लॅट चौरस फुटावर. हिशेब बदलला तो येथे.

एक साधे उदाहरण घेऊ. बाहेरून ३० फूट बाय ४० फूट असा मजला आहे. बाहेरची भिंत नऊ इंची ठेवली तर आत सुमारे ११०० चौरस फूट मिळतात. तीच भिंत अठरा इंची केली तर साधारण १००० मिळतात. शंभर चौरस फूट म्हणजे एक लहान खोली भिंतीत गेली. फुटाचा भाव सहा हजार धरला तर सहा लाख रुपये. कोणताही गुत्तेदार ही खोली भिंतीला देणार नाही आणि ग्राहकही ती मागणार नाही. छताची उंची बारावरून दहावर आणली की खर्चात बचत होते आणि ठरलेल्या उंचीत जास्त मजले बसतात. २००६च्या सरकारी आदेश क्रमांक ८६ने शहरातील चटईक्षेत्राची कमाल मर्यादा काढली आणि इमारतीची उंची रस्त्याची रुंदी व सोडायची मोकळी जागा यांवर ठरू लागली. मजले वाढले, इमारती जवळ आल्या, चौकाच्या जागी डक्ट आला.

अंदाजपत्रके तपासणारी आमच्यासारखी माणसे यात बिल्डरला एकट्याला दोष देत नाहीत. बांधणारा एक आणि राहणारा दुसरा झाला की जाड भिंतीचा खर्च एकाच्या पदरात आणि तिचा लाभ दुसऱ्याच्या, असे होते. मग तो खर्च टाळला जातो आणि दर महिन्याच्या बिलात परत येतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेतो. रात्री आठ तास, उन्हाळ्याचे ९० दिवस, म्हणजे एका खोलीमागे ७०० ते १,१०० युनिट. वापर वाढेल तसा युनिटचा दरही वरच्या टप्प्याचा लागतो. शिवाय खोलीतली उष्णता एसी बाहेर फेकतो, बहुधा त्याच डक्टमध्ये, जिथे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. हे बिल पुढची चाळीस वर्षे भरणारे आपलेच निवृत्त आईवडील आणि आपली मुले असतात.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि त्यांतले काही याच शहरात सिद्ध झाले आहेत. २००४मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या कोंडापूरच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज हरित केंद्राच्या इमारतीत अंगण आणि जाळीच्या भिंती नव्या बांधकामात बसवून दाखवल्या आहेत. हैदराबादेतील व्यापारी इमारतींच्या गच्च्यांवर झालेला अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्या काँक्रीटच्या गच्चीवर पांढरा लेप दिल्यावर थंडाव्यासाठी लागणारी वीज १० ते १९ टक्क्यांनी कमी झाली. केंद्राच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतीच्या भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला सरासरी १५ वॉटची आणि छपराच्या उष्णतावहनाला १.२ची मर्यादा घातली आहे. आपला नुसता स्लॅब या मर्यादेच्या सुमारे तिप्पट आहे. तेलंगणाच्या २०२३च्या कूल रूफ धोरणात ६०० चौरस गज आणि त्यापुढील भूखंडांवरील नव्या निवासी इमारतींना थंड छप्पर सक्तीचे आहे, त्याखालच्यांना ऐच्छिक. आपल्या मोहल्ल्यांतील बहुतेक प्लॉट ३०० ते ५०० गजांचे, म्हणजे नेमके ऐच्छिक गटातले. तेथे सक्ती करणारे कोणी नाही, मालकानेच मागावे लागेल.

आणि मालकाला मागता येते. सहीपूर्वीच्या काही आठवड्यांत बिल्डरला त्याच्या जमिनीची गरज असते, त्यानंतर नसते. आपण त्या आठवड्यांत वाटणीचे चौरस फूट, गाड्यांच्या जागा आणि फरशीचा ब्रँड यांवर घासाघीस करतो. त्या यादीत आणखी पाच ओळी घालाव्यात असे आम्ही सुचवतो. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि वर पांढऱ्या फरशा. पश्चिमेच्या भिंतीला पोकळ किंवा हलक्या ठोकळ्यांचे बांधकाम आणि त्या बाजूला जिना, लिफ्ट, न्हाणीघरे. प्रत्येक खिडकीला छज्जा, आणि पश्चिमेला बाहेरून बंद होणारी झडप. प्रत्येक फ्लॅटला समोरासमोर किंवा किमान दोन दिशांना खिडक्या. एसीची बाहेरची यंत्रे डक्टबाहेर. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम लहान आहे आणि बांधकाम सुरू होण्याआधी ती आणखी लहान असते. सर्वांत वरचा मजला मालकाच्या वाट्याला येत असेल, तर पहिली ओळ सोडूच नये.

वाडा परत येणार नाही आणि विहिरीचे पाणी शेंदणाऱ्या बायकांच्या दृष्टीने तो येऊही नये. मात्र जुन्या घरमालकाला ठाऊक असलेली एक गोष्ट आपल्याला आजही उपयोगी आहे. तो नकाशा पाहताना आधी ऊन कुठून येते हे विचारी आणि मग खोल्या मोजी. आपल्या मंडळात बांधकाम, वीज आणि कायदा या तिन्ही खात्यांत आयुष्य घालवलेले सभासद आहेत. घर विकासाला देणाऱ्या कुटुंबाने सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ अशा दोघा-तिघांना बोलावून नकाशा त्यांच्यासमोर पसरावा. मंडळाने हे काम अंगावर घेतले, तर ज्या घरांत राहून आपल्या संस्था वाढल्या त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या घरांत पुढची पिढी सुखाने राहील.