मंत्र्यांनी आधीच ठरवलं असेल तर? स्टीव्हनेज, १९४६

मागच्या वेळी आपण १९०९ चा ब्रिटिश नगररचना कायदा पाहिला. १९१५ चा मुंबईचा कायदा त्याच्याच धर्तीवर आला. दोन्हींत रचना अशी, की योजना नगरपालिका करणार आणि मंजुरी वरचं सरकार देणार. आता या ‘वरच्या’ची मजल ब्रिटनमध्ये पुढे कुठवर गेली, ते बघू.

लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज नावाचं जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव होतं. युद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर काढायची, म्हणून तिथे साठ हजारांचं नवं शहर बसवायचं ठरलं. ६ मे १९४६ ला नियोजनमंत्री लुईस सिल्किन स्वतः गावात सभेला आले. लोकांनी ‘गेस्टापो’, ‘हुकूमशहा’ अशा आरोळ्या ठोकल्या. सिल्किन म्हणाले, हुर्यो करून उपयोग नाही, हे होणार आहेच. बाहेर त्यांच्या गाडीच्या चाकांतली हवा सोडलेली होती. पुढे स्टेशनवरच्या पाट्या बदलून ‘सिल्किनग्राड’ लावल्या गेल्या. (इंग्रज चिडला तरी विनोद सोडत नाही!)

आता तारखा बघा. सभा मे महिन्यातली. ज्या कायद्याखाली हे सगळं करायचं, तो नवनगर कायदा झाला ऑगस्टमध्ये. हरकतींची सुनावणी ऑक्टोबरात आणि आदेश नोव्हेंबरात. म्हणजे निकाल आधी, सुनावणी नंतर. कायद्यात स्थानिक परिषदेशी ‘सल्लामसलत’ करायची होती. तिची संमती लागत नव्हती. शहर बांधणार ते मंत्र्यांनी नेमलेलं महामंडळ.

गावकरी कोर्टात गेले. पहिल्या कोर्टात जिंकले, अपिलात हरले. जुलै १९४७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की मंत्र्याचं काम प्रशासकीय आहे, तो न्यायाधीश नाही. त्याने चौकशी नेमावी आणि अहवाल विचारात घ्यावा, बस. त्याचं मन आधीच बनलं होतं का, हा प्रश्नच गैरलागू.

लगेच ऑगस्टमध्ये मोठा नगर व ग्राम नियोजन कायदा मंजूर झाला. जमीन मालकाचीच राहिली, पण तिच्यावर बांधायचा हक्क परवानगीवर गेला. सुमारे १,४०० लहान संस्थांकडचं नियोजन १४५ काउंटी आणि मोठ्या शहरांच्या परिषदांकडे आलं. आणि त्यांच्यापुढचा कुठलाही अर्ज मंत्री स्वतःकडे ओढून घेऊ शकतो, असं कलम आलं. त्याला तिकडे ‘कॉल-इन’ म्हणतात.

हाच वाद पुन्हा उठला, तो केंब्रिजशरमधल्या अल्कनबरीच्या जुन्या विमानतळावरून. तिथे तर जमीनच संरक्षण खात्याची, आणि अपिलाचा निर्णय सरकारातलाच मंत्री देणार! डिसेंबर २००० मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, हे मानवी हक्कांशी विसंगत आहे. मे २००१ मध्ये लॉर्ड्सने एकमताने ते उलटवलं. धोरण निवडून आलेल्यांनीच ठरवावं, ते संसदेला उत्तरदायी आहेत आणि कायदेशीरपणा तपासायला कोर्ट आहेच, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मला त्यातला पहिला भाग पटतो. रस्ता कुठून जावा, हे न्यायाधीशाने ठरवू नये. पण संसदेला उत्तरदायी म्हणजे कोणाला? स्टीव्हनेजच्या शेतकऱ्याचा तिथे एक खासदार होता, आणि घर मागणाऱ्या लंडनचे डझनावारी.