व्यस्त प्रत, कागदी
प्रकाशसंवेदी कागदावर घेतलेली, मूळ दृश्यातील उजेड व छाया उलट दाखविणारी छायाचित्रप्रतिमा (निगेटिव्ह). विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४१ मध्ये तिच्या कॅलोटाइप पद्धतीचे एकस्व घेतले. कागदाच्या तंतूंमधील हवेमुळे प्रकाश विखुरतो व तीवरून काढलेली सम प्रत धूसर येते. मुरविलेले मेण किंवा तेल हवेची जागा घेते. त्याचा प्रणमनांक तंतूंच्या प्रणमनांकाजवळचा असल्याने कागद अर्धपारदर्शक होतो. टॅलबट तयार प्रतीस मेण देत. फ्रान्समधील ग्यूस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५१ मध्ये संवेदीकरणापूर्वीच मेण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. असा कागद आधी तयार करून कोरडाच वापरता येई, म्हणून उष्ण प्रदेशातील प्रवासात तो सोयीचा ठरला. पुढे ईस्टमन यांच्या कागदी गुंडाळ्यांवरील प्रतींस एरंडेल देत.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कॅप्टन टॉमस बिग्ज यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे इ. ठिकाणच्या वास्तूंच्या शंभरावर कागदी व्यस्त प्रती घेतल्या. काचेच्या प्रतींपुढे कागद मागे पडला. तथापि नंतरच्या पडझडीपूर्वीचे व डागडुजीपूर्वीचे वास्तुरूप दाखविणारा पुरावा म्हणून या प्रतींचे मोल टिकून आहे.