बंद खोलीतला भाग

मालिकेचा सीझन संपत आला की निर्मात्याचे पैसेही संपत येतात. बाहेरचं चित्रीकरण, नवे सेट, पाहुणे कलाकार यांत बजेट केव्हाच उडालेलं असतं. मग लेखकाला सांगितलं जातं, की उभा आहे त्याच सेटवर, आहेत त्याच नटांत एक भाग बसव. अमेरिकी टीव्हीवरचा 'बॉटल एपिसोड' जन्मला तो या ओढाताणीतून.

१९६४ साली 'द आउटर लिमिट्स'साठी लेस्ली स्टीव्हन्सने असा एक भाग लिहिला. हॉटेलच्या लॉबीत खून होतो आणि मंगळावरून आलेले दोघे तो मागेपुढे फिरवून पुन्हा पुन्हा पाहतात. त्याच जागेतली तीच दृश्यं, म्हणजे खर्चही बेताचा.

पण या काटकसरीत केवढी ताकद आहे, ते पुढे दिसलं. १९७८ मध्ये 'ऑल इन द फॅमिली'तला आर्ची जावयासोबत कोठीच्या खोलीत अडकतो आणि दारूच्या भरात बालपणीची गरिबी सांगून जातो : एका पायात बूट, दुसऱ्यात भलतंच पायताण, अशा अवस्थेत तो शाळेत गेला होता. एरवी ज्याच्या हेकटपणाला प्रेक्षक हसत, तो माणूस तेव्हा कळतो.

१९९३ च्या 'होमिसाइड'मध्ये तर जवळजवळ अख्खा भाग चौकशीच्या खोलीत घडतो. दोन डिटेक्टिव्ह, एक संशयित, हातात बारा तास. अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाची कबुली काही मिळत नाही. उलट, ज्याला संशयिताच्या गुन्ह्याची खात्री होती तो डळमळतो आणि ज्याला शंका होती त्याची खात्री पटते. टॉम फोंटानाला या लेखनासाठी एमी मिळालं.

'ब्रेकिंग बॅड'चा २०१० मधला 'फ्लाय' मात्र उघडउघड पैशांच्या टंचाईतून आला. भूमिगत प्रयोगशाळेत अमली पदार्थ बनवणारे वॉल्टर आणि जेसी एका माशीमागे लागतात, एवढंच कथानक. झोपेच्या गोळीने गुंगलेला वॉल्टर जेसीची प्रेयसी जेन हिच्या मृत्यूबद्दल बोलू लागतो. ती डोळ्यांदेखत गुदमरत असताना आपण नुसते उभे राहिलो, हे आता तो कबूल करणार असं वाटतं. खाली तो शिडी धरून, वर जेसी. ओठांवर आलेलं शेवटी तो गिळतो. या भागात काही घडतच नाही, अशी अनेकांची तक्रार आहे. मला तर त्या शिडीपाशी जेवढा धसका बसला, तेवढा मालिकेतल्या कुठल्याच गोळीबारात बसला नाही.